चार मुलं घेऊन निरवांगीला

बारामतीकडे जायचं तर थंडीत जावं, असं मला लग्न झाल्यापासून सासरचे सगळे सांगत आले. थंडीत हुरडा असतो, ऊस तोडीला आलेला असतो, उजनीच्या पाण्यावर लांबलांबचे पक्षी उतरलेले असतात. यातलं काहीच खोटं नाही. कुणी जाणार असेल तर मीही हेच सांगेन. आम्ही या नाताळच्या सुट्टीत जाऊन आलो. पुन्हा कधी पाऊल उचलेल असं मला वाटत नाही. का, ते लिहिते आहे.

आम्ही चिपळूणचे. म्हणजे मी चिपळूणची; माझा नवरा सुहास इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. तो इथल्या तंत्रनिकेतनात शिकवतो, मी औषधांच्या दुकानात असते. आमची वैदेही नववीत, मुक्ता सहावीत. केदार आणि ओम हे सख्खे भाऊ दोन वर्षांपूर्वी एका संस्थेतून आमच्याकडे दत्तक आले. केदार आता सहा वर्षांचा आहे, ओम चारचा. मुलगा हवा म्हणून आम्ही कुणाला आणलं नाही. दोघांना एकत्र घेणारं घर मिळत नव्हतं, वेगवेगळ्या घरी द्यावं लागेल असं बोलणं चाललं होतं. ते आमच्या कानावर आलं. आपल्या घरात दोघं मावतील असं आम्हांला वाटलं, मुलींनाही वाटलं. इतकंच ते होतं.

सुहासच्या वडलांनी, आबांनी, मुलांना अजून पाहिलं नव्हतं. येतो, येतो म्हणत दोन वर्षं गेली. आता आबांची पंच्याहत्तरी आली आणि थोरल्या दिरांचा फोन आला, "समदी या. पोरास्नी घेऊन या."

नीरा ओलांडल्यावर

घाटातली वळणं आणि उलट्या मी सोडून देते. नीरा गाव मागं पडलं की जमीन एकदम सपाट होते आणि आमच्यासारख्या कोकणातल्या माणसाला उघडं पडल्यासारखं वाटतं. आमच्याकडे पाणी आभाळातून कोसळतं आणि समुद्रात पळून जातं. इथे ते कालव्यातून शहाण्यासारखं चालत येतं आणि प्रत्येक जण त्याची पाळी सांभाळतो. दोन्ही बाजूंना ऊस. सोमेश्वरनगर जवळ आलं तसा साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास गाडीत शिरला. मुक्ताने नाक दाबलं. ओमला वासाचं काही नव्हतं, पुढे चाललेली उसाची ट्रॉली बघून तो ओरडला, "डोंगर चाललाय!"

त्या डोंगरामागे आम्ही बराच वेळ अडकलो, तेव्हा केदारने गोष्ट काढली. त्याची एकच आवडती गोष्ट आहे आणि ती तो स्वतःच सांगतो. आम्ही त्यांना घ्यायला संस्थेत गेलो त्या दिवसाची.

"आई निळी साडी नेसली होती. मुक्ताताईनं मला अर्धं चॉकलेट दिलं. वैदेहीताईनं ओमला कडेवर घेतलं. मग मला गाडीत उलटी झाली, सगळी सीटवर झाली." इथे तो नेहमी थांबतो, आणि मग हळूच म्हणतो, "तरी तुम्ही परत नेलं नाही."

आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. तो रिवाजच आहे.

कोऱ्हाळे बुद्रुकला चाक पंक्चर झालं. सुहास चाक बदलत होता तोवर रस्त्याकडेच्या वस्तीवरच्या एका बाईंनी आम्हांला हाक मारून अंगणात बसवलं. विचारपूस न करता ताक दिलं, मुलांच्या हातात उसाच्या कांड्या दिल्या. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी 'कुणाकडचे?' विचारतात, मग पाणी. इथे आधी पाणी. पण प्रश्न काही चुकत नाही.

"चारी तुमचीच?"

"आमचीच."

"बेस झालं बया. दोन पोरींवर दोन पोरं दिली देवानं. आता काय काळजी न्हाय."

बाई मनापासून बोलल्या होत्या. वैदेहीने हातातली उसाची कांडी बाजूला ठेवली आणि ती गाडीत जाऊन बसली.

बारामती

बारामतीत माझी नणंद शुभाताई राहते. तिचे यजमान दातांचे डॉक्टर. शहर रुंद रस्त्यांचं, स्वच्छ; संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं, दुकानांवर दिवे. ताईने मुलांचं फार लाड करून स्वागत केलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. भाताशिवाय जेवण पुरं कसं होतं हे आमच्या मुलींना कळेना. केदारने मात्र भाकरी दुधात कुस्करून दोनदा मागून घेतली. ताई म्हणाली, "हा बघ, हा खरा आमच्याकडचा!" केदार इतका खूश झाला की त्याने ते वाक्य झोपेपर्यंत तीनचारदा सगळ्यांना ऐकवलं.

भांडी आवरताना ताईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तिकडे काय सांगितलंय ते ऐकून ठेव," ती म्हणाली. "ही तुझ्या माहेरकडची मुलं आहेत. तुझ्या चुलतबहिणीची. आईबाप अपघातात गेले, म्हणून तू आणलीस."

मला आधी कळेचना. "कोणी सांगितलं असं?"

"दादानं. आबांनाही तेच माहीत आहे. गावात कसं असतं, तू जाणतेस. संस्थेतली म्हटलं की पहिलं विचारतात, कुणाची, काय जातीची. दोनच दिवसांचा प्रश्न आहे गं."

"सुहासला माहीत आहे हे?"

ताई तांब्या पुसत राहिली. म्हणजे माहीत होतं.

मी बाहेर येऊन सुहासला विचारलं. तो म्हणाला, "मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दादा बोलून मोकळा झाला होता." मग म्हणाला, "कोण विचारणार आहे पोरांना?"

आम्ही मुलांना पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं. आता सहा वर्षांच्या मुलाला काय शिकवायचं? त्याची आवडती गोष्ट सांगू नकोस म्हणून? मी काहीच शिकवलं नाही. उद्याचं उद्या बघू, असं म्हणून झोपले.

निरवांगी

वालचंदनगर सोडलं की रस्ता अरुंद होतो आणि डाळिंबाच्या बागा लागतात. सासरचं घर मळ्यातच आहे, नवं, स्लॅबचं, पुढे मोठा ओटा. मागे विहीर, विहिरीपलीकडे काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं, आणि मग नजर जाईल तिथवर बाग.

आबा ओट्यावर वाट बघत बसले होते. मी त्यांना वाईट माणूस म्हणून लिहिणार नाही. ते तसे नाहीत. ओमने गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांच्या पटक्याला हात घातला, तसे ते खळखळून हसले. "ये रं वाघा," म्हणत त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि ओम त्या दिवशी खांद्यावरून उतरलाच नाही. केदार मागे मागे चालत प्रश्न विचारत होता. डाळिंबाला कागदाच्या टोप्या का घालता? पाणी नळीतून थेंब थेंब का पडतं? आबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते. एक फळ फोडून त्यांनी दोघांच्या ओंजळी भरल्या. शेकोटीवर कणसं भाजून हुरडा चोळून दिला. आमच्या मुलींनी हुरडा पहिल्यांदाच खाल्ला. हिरवा, गरम, दुधाळ दाणा. मुक्ता म्हणाली, "कोकणात हे का नाही?" आबा म्हणाले, "तुमच्याकडं समुद्र हाय की गं."

तेव्हाच ते केदारला म्हणाले, "उद्या देव पुजायचं हायत. सकाळी लवकर अंघूळ कर. देवाला पानी तू घालायचं, काय?"

केदारने मान हलवली. तो दुपारभर रिकामा तांब्या घेऊन दगडांवर पाणी घालायचा सराव करत होता. मी सुहासकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मलाही वाटलं, ताई उगीच घाबरली होती.

संध्याकाळी शेजारच्या वस्त्यांवरच्या बाया उद्याच्या पुरणाची डाळ निवडायला आल्या. ओट्यावर गप्पा रंगल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी केदारला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला.

"आईची लई आठवण येत आसंल न्हाय रं? कवा वारली तुजी आई?"

केदारने माझ्याकडे बोट केलं. "ही काय माझी आई."

"ती मावशी रं तुजी. तुजी आई, जिला अपघात झाला ती."

"नाही," केदार म्हणाला. तो हसत होता. त्याला वाटलं, आजींना गोष्ट माहीतच नाही. "आम्ही संस्थेत होतो. आई निळी साडी नेसून आम्हांला घ्यायला आली…"

त्याने पूर्ण गोष्ट सांगितली. चॉकलेट, उलटी, सगळं. शेवटी 'तरी परत नेलं नाही' म्हणून तो टाळ्यांसाठी थांबला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्यांचा आवाज ओट्यावर एकटाच वाजला. बाया डाळीत बघत होत्या. म्हातारीने केदारच्या डोक्यावरचा हात काढून घेतला, पदराला पुसला की नुसता पदर सावरला, ते मला सांगता येणार नाही.

सकाळी केदार सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार होता. नवा झब्बा, तेल लावून चापून बसवलेले केस. देवघरातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव, पाटावर मांडले होते. भंडाऱ्याचा पिवळा सडा पडला होता. केदार भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून पाटाजवळ जाऊन उभा राहिला.

थोरले दीर पुढे आले. त्यांनी आवाज चढवला नाही. केदारच्या हातातला तांब्या अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे बाळा. प्रतीक घालील." प्रतीक त्यांचा मुलगा.

केदारने आबांकडे पाहिलं. "तुम्ही काल म्हणाला होता."

आबा देवांकडे बघत होते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरं गुणाची हायत सूनबाई. पर कुळाचं निराळं असतं."

"मग मी घालते," मुक्ता म्हणाली. तिला वाटलं, एवढंच सोपं असेल.

"पोरींनी न्हाय घालायचं," दीर म्हणाले आणि दोनतीन माणसं हसली. कौतुकाने हसावं तसं.

मी सुहासची वाट पाहिली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात फुलांची परडी. त्याने परडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. प्रतीकने पाणी घातलं.

माझी चारही मुलं ओट्यावर ओळीने बसली आणि आतली पूजा दारातून बघत राहिली. दोघी मुली आहेत म्हणून, दोघे परके आहेत म्हणून.

नंतर आबांची गुळाची तुला झाली. मोठ्या तराजूत एका पारड्यात आबा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पुरणपोळ्या, कटाची आमटी, पंगतीवर पंगती. मी वाढायला उभी राहिले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. तिसरी पंगत बसली तेव्हा मुक्ता माझा पदर ओढायला लागली.

"आई, केदार कुठेच नाही."

ओम आबांच्या खाटेवर झोपला होता. केदार घरात नव्हता, बागेत नव्हता. सुहास कुणाला काही न बोलता शेततळ्याकडे धावत सुटला. त्या तळ्याच्या कागदावरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, हे कालच आबांनी मुलांना दटावून सांगितलं होतं. माझे पाय तळ्याकडे वळेनात. वैदेहीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, त्याचं दप्तर पण नाही. रस्त्याकडे चल."

तो डांबरी रस्त्यावरच्या एस.टी.च्या शेडमध्ये बसला होता. दप्तर मांडीवर. पाय जमिनीला पुरत नव्हते.

"कुठे निघालास रे?" मी विचारलं.

"संस्थेत."

"एकटा?"

"ओमला ठेवा," तो म्हणाला. "त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मीच सांगितलं."

मी त्याच्यासमोर खाली बसले. तू काही चुकीचं सांगितलं नाहीस, म्हटलं. तू आमचा आहेस, कुणी काही म्हटलं तरी आमचा आहेस, म्हटलं. आईला जे जे म्हणता येतं ते सगळं म्हटलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"हो," तो म्हणाला. डॉक्टरांनी 'दुखणार नाही हं' म्हटल्यावर तो असाच हो म्हणतो. मग त्याने वैदेहीला विचारलं, "गाडी किती वाजता येते?"

वैदेही दप्तर घ्यायला गेली, पण त्याने ते सोडलं नाही. ते पाठीवर घेऊनच तो आमच्याबरोबर परत चालत आला. त्यात त्याचे दोन शर्ट होते, चड्ड्या होत्या, कंगवा होता. ओमचं त्यात काहीच नव्हतं.

ओट्यावर सुहास उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. त्याने केदारला उचललं. केदारने उचलू दिलं, पण तो ताठच राहिला; त्याने बाबांच्या गळ्यात हात टाकले नाहीत. दीर म्हणाले, "कार्याच्या दिशी हा तमाशा. पावन्यांत काय ऱ्हायलं?" आबा म्हणाले, "येडं हाय का काय पोरगं!" त्यांच्या आवाजात धसका होता, रागही होता. त्यांनी झोपलेल्या ओमवर पांघरूण सारखं केलं.

मी सुहासला म्हटलं, "आता तरी बोल."

"आबांच्या पंच्याहत्तरीला भांडू?" तो म्हणाला.

भिगवण

मुलांना पक्षी दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून परतीची वाट वाकडी करून आम्ही भिगवणला गेलो. उजनीचं पाणी इतकं पसरलेलं की ओमने विचारलं, हा आपलाच समुद्र का? होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि धुक्यातून रोहित पक्ष्यांची रांग दिसली. उंच पाय, पंखांखाली गुलाबी. ते उडाले तेव्हा सगळं पाणी क्षणभर रंगल्यासारखं झालं. मी इतकं सुंदर काही फार कमी वेळा पाहिलं आहे, आणि मला ते नकोसं झालं होतं. काठावरच्या खानावळीत मासे खाल्ले. गोड्या पाण्यातला मासा आम्हांला मातकट लागतो. कुणी पोटभर जेवलं नाही.

होडीत वैदेही माझ्याशेजारी बसली होती.

"आई, आम्ही दोघी तुम्हांला पुरल्या असत्या का?"

"असं का विचारतेस? तुला माहीत आहे आपण त्यांना का आणलं."

"मला माहीत आहे. त्या ताकवाल्या बाईंना माहीत नाही. शुभाआत्याला माहीत नाही. आबांना माहीत नाही." ती पाण्याकडे बघत होती. "बाबांना माहीत आहे ना? मग ते का नाही बोलले? आमच्यासाठी पण नाही आणि केदारसाठी पण नाही."

सुहास पुढच्या फळीवर बसला होता. होडी लहान होती. त्याला ऐकू गेलंच असेल. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

चिपळूण

आम्ही परत येऊन दोन महिने होत आले. सुहास आणि मी गरजेपुरतं बोलतो. एकदा तो म्हणाला, मी चुकलो. मी म्हटलं, हे मला नको सांगू. तो केदारजवळ जाऊन बसला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिला. केदार म्हणाला, "हो."

तो आता फार शहाण्यासारखा वागतो. शाळेत बाई त्याचं कौतुक करतात. दुसरी पोळी हवी असली तर विचारतो, घेऊ का? पाणी सांडलं तर कुणी पाहायच्या आत पुसून टाकतो. उलटीची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली नाही. एकदा मीच सुरू केली; निळी साडी म्हणाले आणि तो अभ्यासाला उठून गेला. बालमानसतज्ज्ञ बाईंकडे आम्ही त्याला नेतो. त्या म्हणतात, वेळ लागेल. किती, हे त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

आबांचा दर रविवारी फोन येतो. ओमचा त्यांना खरोखरच लळा लागला आहे. "वाघ कुठं हाय?" ते विचारतात. मुलींच्या परीक्षेचं विचारतात, माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारतात. केदारचं नाव ते काढत नाहीत. मी एकदा म्हटलं, "आबा, केदारशी बोला ना." ते म्हणाले, "बोलंन की. पुढच्या बारीला बोलंन."

केदारला आता वाचता येतं. रविवारी फोन वाजला की तोच सगळ्यांच्या आधी धावत जातो, पडद्यावरचं नाव वाचतो आणि फोन धाकट्या भावाच्या हातात नेऊन देतो.

"ओम," तो म्हणतो, "तुझे आबा."